शिक्षेच्या मुद्द्यावर पाच मिनिटं नको, एक तारीख द्या : कोल्हापूरच्या न्यायाधीश साहेबांना खुलं पत्र

माननीय न्यायाधीश साहेब आणि मॅडम,
कोल्हापूर जिल्ह्यातली सगळी मॅजिस्ट्रेट आणि सेशन कोर्टं, तसंच सर्किट बेंचचे माननीय न्यायमूर्ती,

सविनय नमस्कार.

मी कोर्टाबाहेर बसणारा टायपिस्ट आहे, २६ वर्षं झाली. आधी सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात झाडाखाली मशीन होतं, मग कोर्ट कसबा बावड्याला गेलं तसं आम्ही पण मागनं आलो. आता जुन्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, सहा जिल्ह्यांची कामं येतात, त्यासाठी वकिलांनी किती वर्षं काढली ते मी बघितलंय, त्यांची निवेदनंसुद्धा टाईप केलीत. कायदा मी शिकलेलो नाही. पण जामीन अर्ज, ॲफिडेव्हिट, अपिलाचे मेमो, नकलेचे अर्ज हेच रोज हाताखालनं जातं, आणि निकाल लागल्यावर माणसं सगळ्यात आधी नक्कल मिळवायला माझ्याकडंच येतात, आरोपीची पण आणि फिर्यादीची पण. त्यामुळं निकालानंतरचं तोंड मी जेवढं बघितलंय तेवढं तुम्ही स्टेजवरनं बघितलं नसेल, हे लहान तोंडी मोठा घास नाही तर खरंच तसं आहे म्हणून लिहितोय.

मला एकाच गोष्टीवर बोलायचंय. आरोपी दोषी आहे की नाही ह्यावर वर्षानुवर्षं खल होतो, साक्षी होतात, उलटतपास होतो, पंच फुटतात, तारखा पडतात. आणि एकदा "दोषी" म्हटलं की शिक्षा किती ह्याचं सगळं पाच मिनिटांत उरकतं. साहेब विचारतात, शिक्षेच्या मुद्द्यावर काय म्हणायचंय? आरोपी हात जोडून म्हणतो गरीब आहे, घरात म्हातारी आई आहे, लहान पोरं आहेत, दया करा. वकील म्हणतात पहिलाच गुन्हा आहे. पीपी साहेब, म्हणजे सरकारी वकील, म्हणतात जास्तीत जास्त शिक्षा द्यावी. संपलं. ह्या चार ओळी मी इतक्या निकालात वाचल्यात की नाव बदललं तर कुठला निकाल कुणाचा ते सांगता येणार नाही.

माझ्या घरातलं सांगतो. २०१७ ला माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा रस्त्यावर गेला. २६ वर्षाचा. रात्रपाळी करून मोटरसायकलवरनं येत होता, समोरच्या गाडीनं राँग साईडला येऊन उडवला. केस झाली, जुन्या आयपीसीची २७९ आणि ३०४-अ, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि निष्काळजीपणानं जीव घेणं. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं चालली, आणि एक दिवस गाडीवाल्यानं गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत कैद आणि ७ हजार दंड. आम्हाला कुणी सांगितलं पण नव्हतं की आज निकाल आहे, मलाच ओळखीच्या कारकुनाकडनं दुपारी फोन आला. मी आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "कोर्ट उठेपर्यंत म्हंजे? किती वाजता उठतंय कोर्ट?"

मी म्हटलं साडेपाच-सहाला.

ती काय बोलली नाही. घड्याळाकडं बघत बसली, आणि सहा वाजले तसं उठून आत गेली.

नक्कल मीच काढली, मीच वाचली. त्यात लिहिलं होतं आरोपीनं गुन्हा कबूल केला, तो घरात एकटा कमावता आहे, सबब सहानुभूतीनं बघणं योग्य. आता माझा भाचा पण घरात एकटाच कमावता होता साहेब. भावजी दम्यानं घरात बसून, शेती दहा गुंठे. हे त्या कागदात कुठंच नाही, कारण विचारलंच नाही कुणी. मला त्या माणसाला दोन वर्षं आत घालायचं होतं का? खरं सांगू का, तेव्हा होतं. आज तेवढं वाटत नाही. पण आमच्या घरात काय झालं हे शिक्षा ठरवणाऱ्यानं एकदा ऐकून घ्यायला पाहिजे होतं, आणि मग कोर्ट उठेपर्यंत दिली असती तरी निदान का दिली ते कळलं असतं. विम्याचे पैसे मिळाले पुढं मोटार अपघाताच्या दाव्यात, ते वेगळं कोर्ट, वेगळी फाईल, त्याचा आणि ह्याचा संबंध नाही.

त्याच सुमाराची दुसरी केस. १९ वर्षाचं पोरगं, पंचगंगेकाठच्या मोटर पंपाची केबल चोरली म्हणून धरलं. तांब्याची केबल, किंमत पंचनाम्यात चार हजार काहीतरी, मुद्देमाल सगळा सापडला, शेतकऱ्याला परत पण मिळाला. जामीन मंजूर झाला पण हमीदार कोण राहणार, सातबारा कुठनं आणणार, त्यामुळं पोरगं चार महिने अकरा दिवस सबजेलला. शेवटी त्याला सांगितलं गेलं की कबूल कर, भोगली तेवढी शिक्षा होईल, आज घरी जाशील. त्यानं केलं. झाली पण तशीच शिक्षा, भोगली तेवढी आणि पाचशे दंड. त्याची आई माझ्याकडं नकलेचा अर्ज टाईप करायला आली तेव्हा खुशीत होती, मला पेढा दिला. सहा महिन्यांनी परत आली. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत पोराला घेणार होते, पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये शिक्षा झालेली निघाली, नाही घेतलं. "ते पुसून मिळंल का वो?" असं विचारत होती.

आता ह्यात मला जे खटकतं ते हे की त्या पोराची शिक्षा कुणी ठरवलीच नाही. जेलमध्ये जेवढे दिवस गेले तेवढे मोजले आणि त्याला शिक्षा म्हटलं. आणि कायद्यात त्याच्यासाठी सोय होती हो! १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, अपराधी परिवीक्षा अधिनियम, म्हणजे जेलमध्ये न घालता समज देऊन किंवा देखरेखीखाली सोडायचा. त्यातलं कलम ३ म्हणतंय की आधी शिक्षा झालेली नसेल तर साध्या चोरीत नुसती समज देऊन सोडता येतं, चोरीचं ३७९ कलम तिथं नाव घेऊन लिहिलंय. कलम ६ म्हणतंय २१ वर्षाखालच्याला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, कैद देऊच नये, द्यायची असेल तर कारण लिहावं, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) रिपोर्ट मागवावा. आणि कलम १२ असं आहे की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्याला त्या शिक्षेमुळं कुठली अपात्रता चिकटत नाही. म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात १९५८ पासनं लिहून ठेवलंय. त्या निकालात प्रोबेशन हा शब्दच नव्हता. वकिलांनी काढला नाही, पीपींनी काढला नाही, साहेबांनी पण विचारलं नाही. पोरगं आता हातगाडीवर भेळ विकतंय, वाईट काम नाही, पण फौंड्रीतला फिटर झाला असता.

एका बाजूला केबल, चार महिने अकरा दिवस. दुसऱ्या बाजूला माणूस, सकाळपासनं संध्याकाळपर्यंत. दोन्ही निकाल कायद्यात बसतात, कुणी बेकायदेशीर काही केलेलं नाही, मी कुणा साहेबांच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण गावातल्या माणसानं ह्यातनं काय समजून घ्यायचं?

मला माहितीय तुम्ही म्हणाल की प्रत्येक केस वेगळी असते आणि कायद्यात "पर्यंत" लिहिलेलं असतं, दोन वर्षांपर्यंत, तीन वर्षांपर्यंत, सात वर्षांपर्यंत, त्यात कुठं थांबायचं ते न्यायाधीशांनी ठरवायचं. बरोबर आहे. पण त्या मधल्या जागेसाठी आपल्या देशात काही लिहिलेलंच नाही ना. फौजदारी न्यायव्यवस्था सुधारायला सरकारनं नेमलेल्या मळीमठ समितीनं २००३ मध्ये सांगितलं की शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वं करा, माधव मेनन समितीनं पुढं तेच सांगितलं, नंतर सोमन खटल्यात तर सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की गुन्हेगाराला शिक्षा देणं हे न्यायाचं काळीज आहे आणि आपल्याकडं नेमका हाच भाग सगळ्यात कमजोर आहे. (हे मी एका वकील साहेबांच्या नोट्स टाईप करताना वाचलं आणि घरी जाऊन बायकोला पण सांगितलं.) इंग्लंडमध्ये २०१० पासनं सेंटेन्सिंग कौन्सिल आहे, नुकसान किती झालं आणि दोष किती ह्याच्या पायऱ्या ठरवून दिल्यात, कुणीही उघडून वाचू शकतो. अमेरिकेत मात्र तक्ताच केला होता, १९८७ पासनं, इतके गुण म्हणजे इतके महिने, आणि तो बंधनकारक होता, २००५ मध्ये त्यांच्याच सुप्रीम कोर्टानं तो फक्त सल्ल्यापुरता ठेवला. तसला तक्ता मला पण नको. माणूस तक्त्यात बसत नाही हे मला रोज दिसतं.

मला पाहिजे ते कायद्यात आहेच. शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला ऐकून घ्यायचं हे जुन्या सीआरपीसीत (फौजदारी खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) सेशन केसला २३५(२) मध्ये होतं आणि वॉरंट केसला (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा गुन्हा) २४८(२) मध्ये, आता त्याच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये २५८(२) आणि २७१(२). संता सिंग खटल्यात १९७६ मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की हे ऐकून घेणं म्हणजे नुसतं तोंडी दोन शब्द नव्हे, त्याच्याबद्दलची माहिती, कागद समोर आणू द्यायला पाहिजेत. आणि अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात, १९८९, सरळ म्हटलंय की दोषी ठरवल्यावर शक्यतो पुढची तारीख द्या आणि दोन्ही बाजूंना शिक्षेबद्दलची माहिती ठेवायला सांगा. दोन्ही बाजूंना. ह्याला कितीतरी वर्षं झाली साहेब. आमच्याकडं मात्र सकाळी दोषी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षा, कधी कधी तर सुट्टीच्या आधीच.

फाशीच्या केसमध्ये मात्र सगळं वेगळं असतं. कोल्हापूरकरांना गावित बहिणींचा खटला सांगायला नको, लहान लहान पोरांचे जीव गेले, २००१ मध्ये इथंच फाशीची शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं, दयेच्या अर्जात सरकारनं लावलेल्या उशिरामुळं, जन्मठेप केली. त्या दिवशी चहाच्या गाड्यावर लई भांडणं झाली, कोण म्हणत होतं अन्याय झाला, कोण म्हणत होतं जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं आणि दिवस-रात्र वेगळे मोजतात म्हणजे सातच. (हे अजून शिकलेली माणसं पण बोलतात. तसं काही नसतं, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, चौदा वर्षं ही फाशीलायक गुन्ह्यात सूट मिळायच्या आधी काढायची कमीत कमी मुदत.) पण मुद्दा असा की फाशीच्या केसला १९८० च्या बचन सिंग खटल्यापासनं गुन्हा पण बघा आणि गुन्हेगार पण बघा हे ठरलेलं आहे, २०२२ च्या मनोज खटल्यानंतर तर आरोपीची मानसिक तपासणी, जेलमधली वागणूक, घरची परिस्थिती हे सगळं खालच्या कोर्टातच आणायला सांगितलंय. आणि ते पाहिजेच, जीव जाणार असतो. पण सहा महिन्याची शिक्षा पण एका घराचं बरंच काही घेऊन जाते. फाशी होणारे किती, आणि केबल, मोबाईल, मारामारी, अपघात ह्याच्यात येणारे किती. ह्या दुसऱ्यांच्या घरची परिस्थिती कोण आणतं कोर्टात?

म्हणून हात जोडून सांगतो, दोषी ठरवल्यावर एक तारीख द्या. आठ दिवसाची द्या, जास्त नको. त्या आठ दिवसात तीन गोष्टी होऊ देत.

एक, परिवीक्षा अधिकाऱ्याचा रिपोर्ट, निदान २१ खालच्या प्रत्येकाचा आणि पहिल्याच गुन्ह्यातल्या प्रत्येकाचा. तो माणूस गावात जाऊन बघून येऊ दे की म्हातारी आई खरंच आहे का, आणि असेल तर तिला कोण बघतंय, पोरगं कामाला जात होतं का, दारू आहे का, घरचे परत घेतील का. "गरीब आहे, दया करा" ह्या चार शब्दापेक्षा ते कितीतरी कामाचं असेल. तुम्ही मागितले तर रिपोर्ट येतील, मागितलेच नाहीत तर ती पदं पण कधी भरली जाणार नाहीत.

दुसरं, ज्याचं गेलंय त्याला बोलवा. आक्का कोर्टात आली असती तर तिनं शिव्या दिल्या नसत्या. ती फक्त सांगितली असती की माझा पोरगा होता, त्याचं नाव हे, तो हे करायचा. शिक्षा किती द्यायची ते तिच्या म्हणण्यावर ठरवू नका, ते ओझं तिच्यावर टाकायला पण नको, रडणाऱ्याला जास्त आणि न रडणाऱ्याला कमी असं होऊ नये हे मला कळतं. पण ऐका. आणि नुकसानभरपाईचं बघा. अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की प्रत्येक फौजदारी केसमध्ये भरपाईचा विचार करायचाच, द्यायची नसेल तरी का नाही ते लिहायचं. तो खटला आपल्या महाराष्ट्रातलाच. आमच्या नकलेत सात हजार दंड सरकारजमा, भरपाईवर एक ओळ नाही.

अपघाताच्या केसबद्दल अजून एक. ३०४-अ ला दोन वर्षंच होती म्हणून ती समन्स केस धरायचे, आणि समन्स केसला शिक्षेवर वेगळं ऐकून घ्या असं कलमात लिहिलेलंच नव्हतं. १ जुलै २०२४ पासनं आयपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसचं १०६(१) आलं, पाच वर्षांपर्यंत, म्हणजे ती आता वॉरंट केस झाली आणि २७१(२) लागू झालं. पळून जाणाऱ्या ड्रायव्हरचं दहा वर्षाचं पोटकलम ट्रकवाल्यांच्या आंदोलनानंतर थांबवून ठेवलंय ते जाऊ दे, पण पहिलं पोटकलम तर चालू आहे. ह्या नव्या केसेस आता तुमच्या बोर्डावर येतायत. तिथं तरी जुनी सवय नको. सौरभ बक्षी खटल्यात हायकोर्टानं २४ दिवसावर आणलेली शिक्षा सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये सहा महिने केली होती, रस्त्यावर मेलेल्याचा जीव इतका स्वस्त धरू नका असंच त्याचं म्हणणं होतं, मी तरी तसं समजलो.

आणि तिसरी गोष्ट कारणांची. शिक्षा का एवढीच, का कमी नाही, का जास्त नाही, हे निकालात एक पानभर लिहा, आणि ते पान मराठीत लिहा. १९९८ पासनं आपल्याकडं खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. बाकीचा निकाल इंग्रजीत असला तर असू दे, वकील वाचतील. पण शिक्षेचं पान त्या दोन घरांना वाचायचं असतं. किती जण माझ्याकडं नक्कल घेऊन येतात आणि म्हणतात, "दादा, ह्यात आमचं काय लिहिलंय तेवढं सांगा." मी सांगतो. पण सांगण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं, "गुन्ह्याचं स्वरूप व परिस्थिती पाहता" एवढंच असतं, मी त्याचा काय अर्थ सांगू त्यांना?

तुमच्यावर बोर्ड किती असतो ते मला दिसतं. शंभर-शंभर मॅटर, स्टेनो नाही, पंखा बंद. आठ दिवसाची एक तारीख म्हणजे अजून एक तारीख, हे पण कळतं. पण ज्या केसला चार वर्षं लागली तिला अजून आठ दिवस लागले तर कुणी तक्रार करणार नाही. आरोपी जेलमध्ये असेल आणि शिक्षा भोगून झाल्यासारखी असेल तर त्याला त्या आठ दिवसासाठी जामिनावर सोडा, वैयक्तिक जातमुचलक्यावर, हमीदार मागू नका.

समाजसेवेची शिक्षा पण आता आलीय, बीएनएसच्या कलम ४ मध्ये. पाच हजाराच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, माल परत केला, तर कैद नाही, समाजसेवा. ते केबलवालं पोरगं चार-पाच वर्षं उशिरा सापडलं असतं तर ह्यात बसलं असतं. पण किती तास, कुठं, कोण बघणार हे त्या कलमात नाही, म्हणजे परत ज्या त्या कोर्टाच्या मनावर. सर्किट बेंचच्या माननीय न्यायमूर्तींना माझी विनंती आहे की सहा जिल्ह्यांसाठी ह्याचं काहीतरी एकसारखं होईल असं मुंबईला कळवा. आपल्याकडं काम काय कमी आहे का, पंचगंगेचा घाट आहे, रंकाळा आहे, सीपीआरमध्ये पेशंट ढकलायला माणूस मिळत नाही. फक्त गळ्यात पाटी अडकवून फोटो काढायचं काम नको. काम करू दे, संध्याकाळी घरी जाऊ दे.

ह्याच गावात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची हजेरी बंद केली. पोलीस पाटलाकडं जाऊन रोज तोंड दाखवायला लागायचं, जन्मला म्हणून. फासेपारध्यांना तर त्यांनी सोनतळीला स्वतःच्या पहाऱ्यावर ठेवलं. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द व्हायला पुढं १९५२ उजाडलं. मी हे भाषणासाठी सांगत नाही. माझ्याकडं नकला काढायला येणाऱ्या आडनावांत अजून तीच आडनावं जास्त असतात, आणि "सराईत" हा शब्द त्यांच्याच कागदात जास्त असतो, ते बघून सांगतोय. रिपोर्ट न मागवता शिक्षा ठरते तेव्हा माणसाची माहिती म्हणून कोर्टासमोर फक्त पोलिसांचा कागद असतो.

दंडाचं पण एक राहिलं. "दंड न भरल्यास आणखी एक महिना" हे वाक्य शेवटी असतंच. पाचशे-हजार रुपयासाठी महिनाभर आत राहिलेली माणसं आहेत. २०२३ पासनं केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, दंडासाठी आणि जामिनासाठी मदत मिळू शकते, जिल्ह्याच्या समितीकडनं. शिक्षा सुनावताना साहेबांनी एका वाक्यात सांगितलं तरी पुरे, घरचे माणसं समोरच उभी असतात.

आक्का आता ६४ ची आहे. ती नक्कल तिनं देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत ठेवलीय, भाच्याच्या आयटीआयच्या सर्टिफिकेटबरोबर. वाचता येत नाही तिला. मागच्या दिवाळीला गेलो होतो तेव्हा म्हणाली, "त्यात त्याचं नाव तरी हाय का रं?" आहे, मी म्हटलं, दोन ठिकाणी आहे. तिनं मला ती दोन ठिकाणं बोटानं दाखवायला लावली.

आपला नम्र,
कोर्टाबाहेरचा एक टायपिस्ट
कसबा बावडा, कोल्हापूर